चौमूंच्या गाडीतल्या गाठी

ती घटना अजून माझी पाठ सोडत नाही. वाऱ्याने उडू नयेत म्हणून बायको गच्चीवर दोन साड्यांचे पदर एकमेकांना बांधून वाळत घालते आणि माझी नजर गेली की मी उठून ती गाठ सोडतो. ती करवादते, "अहो, उडून शेजाऱ्यांकडे गेली तर आणायला तुम्ही जाणार आहात का?" मी म्हणतो, जाईन. मी असा का वागतो हे तिला ठाऊक आहे, म्हणून ती पुढे वाद घालत नाही. वाचकांना मात्र सांगायला हवं.

आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं. वडील संस्थानी काळात रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून जयपूरला गेले, मी तिथेच वाढलो आणि तिथेच पोलिसात लागलो. घरात साताऱ्याची मराठी, दारात हिंदी. तेव्हा लिहिताना मधूनच हिंदी डोकावली तर सांभाळून घ्या, ती आता जायची नाही.

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस मी रेल्वे हद्दीतल्या एका ठाण्यावर उपनिरीक्षक होतो. त्या हिवाळ्यात वरून हुकूम आला की आपल्या हद्दीतल्या गाड्यांमध्ये प्रवासी कितपत सुरक्षित आहेत याचं मोजमाप करून तक्ता पाठवा. पद्धतही वरूनच ठरून आली होती. प्रत्येक गाडीपुढे चोरी, मारामारी, छेडछाड यांच्या नोंदलेल्या तक्रारी मांडायच्या. जिच्यापुढे तक्रारी कमी ती गाडी सुरक्षित, जिच्यापुढे जास्त ती धोक्याची. झालं मोजमाप!

या हिशेबाने आमच्या हद्दीतली सगळ्यांत सुरक्षित गाडी ठरली ती जवळच्या चौमूं गावाकडून सकाळी जयपूरला येणारी पॅसेंजर. तिच्या जनाना डब्याबद्दल तर एकही तक्रार नव्हती. आमचे साहेब खूश झाले. शिस्तीचे, सरळ माणूस. आकड्यांवर त्यांचा फार जीव. "इस गाडी से बाकियों को सीखना चाहिए," असं त्यांनी मला दोनदा ऐकवलं.

ती गाडी मी रोज सकाळी फलाटावर उभा राहून बघायचो. मीटरगेजची छोटी गाडी, पुढे धुरकट इंजिन, खिडक्यांच्या गजांना दूधवाल्यांच्या बरण्या लटकलेल्या. जनाना डब्यातून चौमूंकडच्या भाजीवाल्या उतरायच्या. मुळे, मटार, गाजरं यांची गाठोडी डोक्यावर घेऊन त्या चांदपोलच्या मंडईकडे निघायच्या. त्यांची एक गोष्ट माझ्या नजरेत भरली. डोक्यावरून घेतलेली मोठी ओढणी, तिला तिकडे लूगडी म्हणतात, तिचं टोक प्रत्येकीने शेजारणीच्या लूगडीला घट्ट बांधलेलं असायचं. अख्खी रांग एकमेकींना जखडून उतरायची आणि फलाटावर आल्यावर मग एकेक गाठ सुटायची.

मी आमच्या दीवानजींना विचारलं. दीवानजी म्हणजे ठाण्याचे मोठे हवालदार, त्याच भागातले, मिशांना पीळ देत बोलणारे. ते म्हणाले, "रिवाज है साहब. लुगाइयों की कोई मन्नत होगी." म्हणजे बायकांचा काही नवस असेल. मी मान हलवली. राजस्थानात रिवाजांना तोटा नाही आणि बाहेरच्या माणसाने प्रत्येक रिवाजात नाक खुपसलं तर त्याची नोकरी व्हायची नाही.

मग एके सकाळी खबर आली. त्याच गाडीतली एक बाई जयपूरच्या अलीकडच्या एका छोट्या हॉल्टजवळ रुळाच्या कडेला पडलेली सापडली. जीव होता. मांडीचं हाड मोडलेलं, चेहरा सोललेला. तिला शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात हलवलं. दीवानजींनी डब्यातल्या बायकांना विचारलं. बहुतेकींनी तोंडावर घूंघट ओढला. एक म्हातारी तेवढी म्हणाली, "अपने आप कूदी." स्वतःच उडी मारली.

एवढ्यावर कागद तयार झाला. आत्महत्येचा प्रयत्न म्हणजे गुन्हा. बाई बरी झाली की तिच्यावरच खटला! मी जबाब घ्यायला गेलो तर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. एक शब्द बोलली नाही. घरी तिचं दूधपितं मूल होतं. नवरा रुग्णालयाच्या आवारात भिंतीला टेकून बसलेला असायचा, पण वॉर्डात जात नव्हता. मी त्याला कारण विचारलं. तो खाली मान घालून म्हणाला, "बिरादरी वाले पूछते हैं, हॉल्ट पर किसके साथ उतर रही थी." कुणीतरी तिला एका पुरुषाबरोबर दारात बघितलं होतं म्हणे. उडी मारली म्हणावं तर तुरुंग, नाही म्हणावं तर बदनामी. त्या बाईने तोंड उघडायचं तरी कशासाठी?

दीवानजींनी मात्र तो 'पुरुष' शोधून काढायचा चंग बांधला आणि तीन दूधवाले धरून आणले. गडी रोज त्याच गाडीने यायचे, दारात लटकायचे, मोठ्याने गाणी म्हणायचे. संशय घ्यायला एवढं पुरतं. मी तिघांना वेगवेगळं बसवून विचारलं. त्यांच्यातला सगळ्यांत वयस्कर गडी माझ्यावरच उखडला. "साहब, उस डिब्बे में तो हम पाँव भी न धरें. सब गाँठ बाँध के बैठती हैं. एक से बोलो तो पूरी लैन लड़ने खड़ी हो जाती है!" त्याचं दूध नासत होतं आणि तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणाऱ्या माणसाला पोलिसांचा राग यायला जरा वेळ लागतो, याला आल्या आल्या आला होता. मी तिघांना सोडून दिलं. दीवानजी दिवसभर माझ्याशी धड बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी रुग्णालयातून चिठ्ठी आली की डॉक्टरीणबाईंनी बोलावलं आहे. स्त्रियांच्या वॉर्डातल्या या डॉक्टरीणबाई कोल्हापूरकडच्या. त्या परक्या गावात मराठी बोलायला मिळतं म्हणून एरवी मला बघून त्यांचा चेहरा खुलायचा. त्या दिवशी तसं काही दिसलं नाही.

"काय ओ, तुमच्या ठाण्यात माणसं येताना डोळे घरी ठेवून येतात काय?" त्यांनी दारातच सुरुवात केली.

"काय झालं, बाई?"

"या इकडं. बघा की जरा."

त्यांनी मला खाटेजवळ नेलं. बाई झोपली होती. डॉक्टरीणबाईंनी तिच्या डाव्या कानावरचा कापूस हळूच उचलला. कानाची पाळी वरून खालपर्यंत फाटली होती, सरळ, एका रेषेत.

"रुळावरच्या खडीवर पडलं की कातडं खरवडतं," त्या म्हणाल्या. "हे खरवडलेलं नाही. कानातलं धरून ओढलंय कुणीतरी. आता मला सांगा, स्वतःहून मरायला निघालेली बाई आधी स्वतःचा कान फाडून घेईल होय? आणि तुम्ही हिच्यावर खटला घालणार! शोभतं का तुम्हाला हे?"

 दुसऱ्या कानात तिचं कानातलं शाबूत होतं, चांदीची बारीक घुंगरं असलेलं. मी वाकून बघत होतो तेव्हा माझं लक्ष खाटेच्या गजाकडे गेलं. बाईच्या लूगडीचं टोक त्या लोखंडी गजाला बांधलेलं होतं. घट्ट, दुहेरी गाठ.

"हे कुणी बांधलं?"

"तिनंच. आम्ही सोडतो, ती पुन्हा बांधते. खाटेवरून पडायची भीती बसली असेल म्हणून मी सोडून दिलं. बांधली की मग झोपते."

तीच गाठ मी रोज फलाटावर बघत होतो. नवस म्हणे! रुग्णालयाच्या खाटेला कोण नवसाची गाठ मारतं? मला त्या दूधवाल्याचं बोलणं आठवलं. मी बाहेर पडलो तो थेट तो दूध घालायचा त्या गल्लीत गेलो.  मी त्याला एवढंच विचारलं, या बायका गाठी कधीपासून बांधतात?

"पहले नहीं बाँधती थीं," तो म्हणाला. "दिवाली के बाद से."

आता सांगा, दिवाळीनंतर सुरू झालेला रिवाज कसला रिवाज? त्या बायका कशाला तरी भीत होत्या, आणि आमच्या ठाण्यात यायच्याऐवजी त्यांनी स्वतःचा बंदोबस्त स्वतः केला होता. आमच्या तक्त्यात ती गाडी पहिली होती!

पडलेल्या बाईची नणंद त्याच गाडीने मंडईत यायची. तिशीची, विधवा, भावाकडे राहणारी, आवाज असा की गिऱ्हाईक घासाघीस करायच्या आधीच गप्प व्हावं. मी साध्या कपड्यांत तिच्या टोपलीपुढे जाऊन बसलो आणि ओळख सांगितली. तिने मुळ्यांवर पाणी शिंपडलं, थोडं माझ्या बुटांवरही शिंपडलं.

"लिख तो दिया कूदी. अब क्या चाहिए?"

मी म्हणालो, "कान कुणी फाडला ते हवंय. आणि गाठी का बांधता ते."

तिचा हात थांबला. तिने टोपली बाजूला सारली. मग जे सांगितलं ते असं.

दिवाळीच्या सुमारास काळ्या कोटातला एक माणूस जनाना डब्यात यायला लागला. तिकीट तपासनीस म्हणवायचा. बायकांची तिकिटं असायची, पण भाजीच्या गाठोड्यांचं वेगळं भाडं भरावं लागतं ते कुणीच भरलेलं नसायचं. तो नेमका तिथे बोट ठेवायचा. एखादी एकटी, नवखी बाई हेरायची, हॉल्टवर फलाटाच्या उलट बाजूने तिला खाली उतरवायची, बाबूकडे चल, दंड भर, नाहीतर जेल. गाडी निघून जायची. बाभळींच्या आडोशाला नेऊन दंड म्हणून गळ्यातली चांदीची हंसली नाहीतर पायातलं कडं काढून घ्यायचा. वर ताकीद द्यायचा, "घर में बोलेगी तो पूछेंगे, अकेली मरद के साथ क्यों उतरी."

तक्रार कोण करणार? गाठोड्याचं भाडं बुडवलं म्हणून गुन्हेगार आपणच, आणि परक्या पुरुषाबरोबर उतरलो म्हणून घरात तोंड दाखवायची सोय नाही. तेव्हा या नणंदेने उपाय काढला. सगळ्यांनी एकमेकींना बांधून बसायचं. उतरवायचं तर सगळ्यांना उतरव! तो येऊन बघायचा, शिव्या द्यायचा आणि निघून जायचा.

"मग त्या दिवशी?"

तिने पदराने नाक पुसलं. तिला ताप होता, ती घरी राहिली होती. भावजय मुलाला पाजून धावतपळत आली आणि गाडी सुटता सुटता दारात चढली. तोवर रांग बांधून झाली होती. कुणीच आपली गाठ सोडून तिला आत घेतली नाही. ती दारापाशी एकटी बसली. तो आला. तिने हिसका दिला, त्याने कान धरला, गाडी हॉल्टवरून हलली आणि तिने सुटून जाण्यासाठी उडी मारली. सगळ्या बघत होत्या. उठायला गेल्या तर एकमेकींत अडकल्या.

"गाँठ मैंने सिखाई थी, साहब," ती म्हणाली. "और मेरी ही भौजाई बाहर रह गई."

मंडईतल्या त्या गोंगाटात ती ढसाढसा रडली. मला फार लागलं ते. पोलिसाने रडणाऱ्या माणसासमोर काय करायचं असतं ते कुठल्याच प्रशिक्षणात शिकवत नाहीत. मी तिथेच बसून राहिलो. रडणं आवरल्यावर तीच म्हणाली, "पकडना है ना? मैं बैठूँगी दरवाज़े पर. बिना गाँठ."

मी आधी नको म्हणालो. आमच्याकडे महिला शिपाई नव्हत्या, पण जखमी बाईच्या घरच्या बाईला आमिष म्हणून बसवायचं मनाला पटेना. ती ऐकेना. शेवटी मी साहेबांची परवानगी घेतली. त्यांनी कपाळाला आठ्या घालूनच दिली.

ती अनोळखी वाटावी म्हणून दुसरी लूगडी घेतली, चेहरा झाकला आणि गळ्यात तिच्या आईची हंसली घातली. मी आणि दोन शिपाई कांबळी पांघरून, भाजीचे व्यापारी होऊन शेजारच्या डब्यात बसायचो. तिसरा शिपाई आधीच हॉल्टजवळच्या बाभळींत शेळ्या राखत असायचा. पहिले काही दिवस फुकट गेले. घटनेनंतर गडी दबकून असणार. शेळ्या राखणाऱ्या शिपायाला तर त्या शेळ्यांचा लळा लागला. पण लोभ फार दिवस घरात बसत नाही. एके दिवशी हॉल्टच्या आधीच्या स्टेशनवर काळा कोट चढला.

हॉल्ट आला. मी उलट बाजूच्या खिडकीतून बघत होतो. आधी तो उतरला, मग ती. आम्ही गाडी हलेपर्यंत थांबलो आणि पलीकडे उड्या टाकल्या. बाभळींआड तिचं चाललं होतं, हात जोडून गयावया, अहो बाबूजी, विधवा बाई आहे, अहो बाबूजी, आई आठवण म्हणून ठेवून गेली. वेळ काढत होती. तो खेकसला, "हँसली उतार!" तेवढ्यात मी पुढे झालो. त्याने मला बघितलं आणि पळाला, पण दोन पावलांत तोंडावर आपटला. हात जोडायच्या निमित्ताने बाईने त्याच्या मनगटाला लूगडीचा पीळ घातला होता आणि गाठ मारली होती. तिची लूगडी डोक्यावरून खेचली गेली. परक्या पुरुषांसमोर उघड्या डोक्याने उभं राहणं म्हणजे तिकडे केवढी शरमेची गोष्ट! ती तशीच उभी राहिली, दोन्ही हातांनी लूगडीचं दुसरं टोक धरून.

ठाण्यात तो शांत होता. एका सिनेमागृहाच्या दारावर तिकिटं फाडायचं काम करायचा, तिथून काढून टाकलेला. कोट जुन्या बाजारातला. दीवानजींचे हात शिवशिवत होते, पण मी त्यांना बाहेर बसवलं. मार खाऊन बोललेलं कोर्टात टिकत नाही आणि खरं सांगायचं तर मला ते कधी जमलंही नाही.

"मैंने किसी को हाथ नहीं लगाया," तो म्हणाला. "खुद उतार के देती थीं. आप ही बताइए, किसने शिकायत की? एक नाम बताइए."

 आमच्या तक्त्याचा आणि या चोराचा हिशेब एकच होता. तक्रार नाही म्हणजे काही घडलं नाही.

दुपारी बाहेर गलका झाला. मी खिडकीतून बघितलं. मंडई उरकून त्या सगळ्या भाजीवाल्या ठाण्याच्या आवारात आल्या होत्या, रिकाम्या टोपल्या घेऊन, एकमेकींना बांधून. पुढे नणंद, तिच्या शेजारी 'अपने आप कूदी' म्हणणारी म्हातारी. पोलिसाच्या दारात एकटीने पाऊल टाकायची हिंमत एकीचीही नव्हती, म्हणून रांगेनेच आल्या. मी आरोपीला खिडकीपाशी उभं केलं. त्याने त्यांच्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"इतनी?" तो पुटपुटला.

त्याने प्रत्येकीला एकटं गाठलं होतं. सगळ्या मिळून किती होतात हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यानंतर त्याने सगळं सांगितलं. माल घेणारा एक सराफ होता. बरीचशी चांदी त्याने वितळवून टाकली होती, पण पंचांसमक्ष झडती घेतली तेव्हा एक कानातलं जसंच्या तसं सापडलं. बारीक घुंगरं असलेलं. जोड मिळाली तर मोडण्यापेक्षा जास्त किंमत येईल म्हणून त्याने ते बाजूला ठेवलं होतं. त्याची जोड कुठे होती हे मला ठाऊक होतं. डॉक्टरीणबाईंनी पेशंटच्या उजव्या कानातून ती अलगद काढली, दोन्ही कानातली ओंजळीत शेजारी शेजारी ठेवली आणि म्हणाल्या, "आता तरी फाडा तो तुमचा कागद." कागद फाडता येत नसतो, त्यावर रीतसर अहवाल जोडावा लागतो. तो मी त्याच संध्याकाळी जोडला. बाईवरचा गुन्हा निघाला.

कायद्याचं काम झालं, पण तिचं घर अजून बाकी होतं.

तिला रुग्णालयातून सोडायच्या दिवशी मी मुद्दाम गेलो. नवरा बैलगाडी घेऊन आला होता, बरोबर बिरादरीतले दोन वडीलधारे. गाडी फाटकातच उभी. मूल नणंदेच्या कडेवर. बाई कुबडीवर पायरीपाशी उभी आणि कुणी पुढे येईना. एक वडीलधारा खाकरून म्हणाला की चोर पकडला हे ठीक, पण उतरत होती ना ती परक्या माणसाबरोबर? लोक काय म्हणतील?

नणंद तडक पुढे गेली. मूल तिने भावाच्या हातात दिलं.

"मैं भी उतरी," ती म्हणाली. आवाज मंडईतलाच. "उसी आदमी के साथ, उसी जगह. पुलिस ने देखा, पूरी गाड़ी ने देखा. इसको नहीं ले जाना तो मुझे भी निकाल. बोल!"

 भाऊ मुलाकडे बघत राहिला. मग त्याने मूल खांद्यावर घेतलं, गाडीतली कडब्याची पेंढी पसरून त्यावर आपलं कांबळं अंथरलं आणि बायकोचा हात धरायला पायरीपर्यंत आला. डॉक्टरीणबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. "आई गं," एवढंच म्हणाल्या आणि वॉर्डात निघून गेल्या. तेव्हा कुठे मला कळलं की नणंद दारात बिनगाठीची का बसली होती. चोर आम्ही काहीही करून पकडलाच असता. तिला भावजयीच्या शेजारी उभं राहायचं होतं.

इथे गोष्ट संपली असं कुणालाही वाटेल. साहेबांना वाटलं नाही. कारण आरोपी आत गेल्यावर बायका तक्रारी द्यायला लागल्या. जुन्या, नव्या, कुणाचं कडं, कुणाची हंसली, कुणाला खिडकीतून शीळ घातली म्हणून. मी सगळ्या नोंदवून घेतल्या. पुढच्या तक्त्यात ती पॅसेंजर पहिल्या जागेवरून थेट तळाला गेली. साहेबांनी मला बोलावून घेतलं.

"एक चोर पकडला आणि गाडी जास्त धोक्याची झाली? हा कसला तपास?"

मी म्हणालो, "साहेब, गाडी तीच आहे. आता बायका आपल्याशी बोलतात."

"मग सुरक्षितता मोजायची कशी? तुम्हीच सांगा."

"त्या बसतात कशा ते बघून. अजून गाठी बांधतात साहेब. त्या सुटतील तेव्हा गाडी सुरक्षित झाली म्हणायची."

"म्हणजे मी वर काय लिहू? गाठी मोजल्या?" ते हसले. माणूस वाईट नव्हता. तक्त्यात तसा रकाना नव्हता, एवढंच.

पण मी बघत राहिलो. चोराला शिक्षा झाली, होळी आली, गेली, तरी लूगड्या बांधलेल्याच. जनाना डब्याच्या शेजारी मी एक शिपाई कायमचा दिला, हॉल्टच्या उलट बाजूची झाडी तोडून घेतली, स्टेशनच्या बाबूंकडून गाठोड्यांच्या भाड्याचा प्रश्न एकदाचा नीट लावून घेतला. तरी गाठी होत्याच. भीती घालायला एक माणूस पुरला होता. ती जायला मात्र किती दिवस लागतील याचा अंदाज मला कुणी देऊ शकत नव्हतं. पुढच्या नोकरीत मी किती गाड्या, किती बसस्थानकं, किती जत्रा बघितल्या. प्रत्येक ठिकाणी आधी माणसांचे हात बघायची सवय लागली. पोतडी पायाशी ठेवली आहे की छातीशी धरली आहे, आई मुलाचा हात सोडते की नाही. कागद मी नंतर वाचायचो.

मग त्याच वर्षी आंब्याच्या दिवसांत एका सकाळी गाडी आली. सगळ्या उतरल्या, एकेक, सुट्या, आपापसात भांडत. एक जनाना डब्याच्या दारातच उभी राहिली. नणंद. मी जवळ गेलो. आत बाकावर तिची भावजय झोपली होती. कुबडी खाली पडलेली, गाठोडं घरंगळून पार पलीकडे गेलेलं, तोंड उघडं, लूगडी अर्धी जमिनीवर लोळत. पोटाशी मूल, तेही झोपलेलं. फाटलेला कान उघडा होता आणि उजव्या कानात कोर्टातून परत मिळालेली ती घुंगरं.

इंजिन मागे घ्यायची वेळ झाली होती. गार्डने शिट्टी वाजवली. मी भावजयीला हाक मारणार, तोच नणंदेने तोंडावर बोट ठेवलं.

"सोने दो, साहब," ती म्हणाली. "पहली बार सोई है गाड़ी में."

मी गार्डकडे गेलो आणि गाडी जरा थांबवायला सांगितली. त्याने कारण विचारलं. मी म्हणालो, सरकारी काम आहे, मोजमाप चालू आहे.